पावसाच्या अंदाजाला गणित शिकवणारा माणूस : सर गिल्बर्ट वॉकर



एप्रिल महिना आला की आपल्या मोबाईलवर एक आकडा फिरायला लागतो. यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के. मग गावात पारावर, एस.टी.त, शाळेच्या गेटवर पालक भेटले की तोच विषय. कुणी म्हणतं हवामान खात्याचं कधी खरं होतं का, कुणी पंचांगातलं मृग नक्षत्राचं वाहन सांगतं. बेडूक असेल तर पाऊस, गाढव असेल तर विचारू नका. आपल्यासारख्या ग्रामीण भागातल्या शिक्षकांना या आकड्याचा अर्थ चांगलाच कळतो. पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली, की दिवाळीनंतर वर्गातली किती मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार हे पटावर दिसतंच.

तर हा आकडा मुळात काढायला कुणी सुरुवात केली, आणि अंदाज बरोबर येणं किंवा चुकणं नेमकं कशावर ठरतं, हे ज्या एका माणसाच्या आयुष्यातून फार छान समजतं, त्याची ओळख आज करून घेऊया. त्याचं नाव सर गिल्बर्ट थॉमस वॉकर. इयत्ता चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात मोसमी वारे शिकवताना ही गोष्ट सांगितली तर मुलं कान टवकारून ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

बालपण, केंब्रिज आणि बूमरँग

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या रॉचडेल या गावी झाला. वडील इंजिनिअर होते. घरात भावंडं बरीच. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिक्षण झालं आणि तिथून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. १८८९ मध्ये ते गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले, म्हणजे संपूर्ण विद्यापीठात पहिले. आपल्या मराठी वाचकांना रँग्लर हा शब्द नवीन नाही. आपले रँग्लर परांजपे याच परीक्षेत बरोबर दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, सीनियर रँग्लर ठरले होते. त्यावरून वॉकर यांची गणितातली उंची लक्षात येईल.

पण इतक्या अभ्यासाने तब्येत ढासळली. काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी काढावे लागले. तिथे ते बर्फावरचं स्केटिंग शिकले आणि त्यात इतके तरबेज झाले की पुढे आयुष्यभर तो छंद टिकला. दुसरा छंद बूमरँगचा. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं ते वाकडं लाकूड, फेकलं की फिरून परत येणारं. वॉकर ते नुसतं फेकत नव्हते, ते परत का येतं याचं गणित मांडत होते. केंब्रिजच्या मैदानावर हा गणिताचा विद्वान तासन् तास बूमरँग फेकताना दिसे, म्हणून मित्रांनी त्यांचं नावच बूमरँग वॉकर ठेवलं. मला हा भाग मुलांना सांगायला फार आवडतो. खेळण्याकडे बघून 'असं का होतं' विचारणारं पोर आपल्या वर्गातही असतंच, आणि बहुतेक वेळा आपण त्याला जागेवर बस म्हणतो.

१९०४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि त्याच वर्षी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, भारतात आले. हवामानशास्त्राचा त्यांचा काहीही अभ्यास नव्हता, तरी भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून आले. असं का, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

अंदाज चुकला की काय होतं

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास भागात भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसं मेली. भारताचं हवामान खातं त्याच्या एक वर्ष आधीच, १८७५ मध्ये, स्थापन झालं होतं आणि हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख होते. सरकारने त्यांना विचारलं, पाऊस कसा होणार ते आधी कळू शकेल का? धान्य कुठे साठवायचं, सारा कुठे माफ करायचा, दुष्काळी कामं कुठे काढायची हे आधी ठरवता आलं तर माणसं वाचतील.

ब्लॅनफोर्ड यांनी एक विचार मांडला. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ पडला, तर उन्हाळ्यात जमीन तापायला वेळ लागते आणि मोसमी वारे कमजोर पडतात. १८८२ पासून काही वर्षं त्यांनी प्रयोग म्हणून अंदाज दिले, ते बरे जमले, आणि ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांच्याकडे कारण होतं. बर्फ आणि पाऊस यांचा नुसता मेळ नव्हता, तो का बसावा याचं एक स्पष्टीकरण होतं. कमी होते ते वर्षांचे आकडे.

त्यांच्यानंतर सर जॉन इलियट आले. त्यांनी बर्फात आणखी गोष्टी मिळवल्या. एप्रिल-मे महिन्यांतली भारतातली हवा, हिंदी महासागरावरची स्थिती, ऑस्ट्रेलियाकडची स्थिती. अंदाज लांबलचक झाले, त्यात प्रत्येक प्रांताबद्दल काही ना काही लिहिलेलं असे. पण एवढ्या सगळ्या गोष्टींपैकी कशाला किती वजन द्यायचं, हे ठरवण्याचं माप कुठलंच नव्हतं. अनुभवी माणसाच्या डोक्यात जे बसेल ते.

आणि मग १८९९ साल आलं. अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात पावसाने दगा दिला. राजस्थान-गुजरातकडची जुनी माणसं आजही ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात (विक्रम संवत १९५६), तो हाच. आपल्या मुंबई इलाख्यालाही त्याची मोठी झळ बसली. गुरं मेली, गावं ओस पडली. वर्तमानपत्रांनी खात्यावर टीकेची झोड उठवली. पुढे काही वर्षं तर हे अंदाज लोकांना न सांगता फक्त सरकारपुरतेच ठेवले गेले.

इलियट यांचं कौतुक मला इथे करावंसं वाटतं. आपल्या जागी कोण यावं हे ठरवताना त्यांनी हवामानाचा दुसरा जाणकार शोधला नाही, गणिती शोधला. आपल्या पद्धतीत नेमकं काय कमी आहे हे त्यांना कळलेलं होतं.

दोन रकाने शेजारी ठेवायचे

वॉकर यांच्या काळात खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याला होतं. त्यांच्यासमोर प्रश्न अवघड होता. हवा ही इतकी गुंतागुंतीची गोष्ट की पदार्थविज्ञानाच्या समीकरणांनी तीन महिन्यांनंतरचा पाऊस काढणं त्या काळी अशक्य. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. कारण माहीत नसेल तर नसू दे, आधी मेळ तरी मोजूया.

म्हणजे बघा, एका कागदावर दोन रकाने करायचे. डावीकडे प्रत्येक वर्षीचा हिमालयातला बर्फ, उजवीकडे त्या वर्षीचा पाऊस. डावीकडचा आकडा वाढला की उजवीकडचा वाढतो का? की कमी होतो? की काही संबंधच नाही? हा मेळ एका संख्येत सांगता येतो. ती +१ च्या जवळ असेल तर दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात, -१ च्या जवळ असेल तर एक वर गेली की दुसरी खाली येते, आणि ० च्या जवळ असेल तर दोघांचा काही संबंध दिसत नाही. यालाच सहसंबंध गुणांक म्हणतात. आपण डी.एड.ला शैक्षणिक मूल्यमापनात हे शिकलो होतो, आठवतंय का? तेव्हा बहुतेकांनी सूत्र पाठ करून पेपर लिहिला. हेच सूत्र तेव्हा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अगदी नवंकोरं होतं आणि ते हवामानावर एवढ्या मोठ्या प्रमाणात वापरणारे वॉकर हे पहिलेच.

आता कॉम्प्युटर तर सोडाच, कॅल्क्युलेटरही नव्हता. शिमल्याच्या कचेरीत भारतीय कारकूनांची फळी बसलेली असे आणि हाताने बेरजा, गुणाकार, वर्गमुळं करत असे. जगभरातल्या ठाण्यांची हवेच्या दाबाची, तापमानाची, पावसाची वर्षानुवर्षांची आकडेवारी मागवायची, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावायची. हजारो जोड्या. वॉकर यांचं नाव आपल्याला माहीत आहे, त्या कारकूनांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत. त्यांच्या गणितात एक बेरीज चुकली असती तरी पुढचं सगळं कोसळलं असतं, हे सुद्धा वर्गात सांगायला हवं.

यातून १९०९ मध्ये वॉकर यांनी एक सूत्र तयार केलं. त्यात चार गोष्टी होत्या : मे अखेरीस हिमालयात साठलेला बर्फ, मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब आणि झांझिबारचा पाऊस. प्रत्येकाला ठरावीक वजन. आकडे घाला, उत्तर काढा. इथे कुणाच्या मनाला काय वाटतं याचा प्रश्न उरला नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी गणित केलं तरी उत्तर एकच येणार. आणि चुकलं तर कुठे चुकलं ते शोधता येणार. इलियट यांच्या पद्धतीत ही सोयच नव्हती.

अर्जेंटिना-चिलीचा हवेचा दाब आणि आपल्या शेतातला पाऊस यांचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. त्या काळी लोकांनाही तसंच वाटलं. पण समुद्राखालच्या तारायंत्रामुळे हे आकडे जूनच्या आत शिमल्याला पोहोचू शकत होते, आणि हे महत्त्वाचं आहे. जी खूण पाऊस पडून गेल्यावर हातात येते ती कितीही चांगली असली तरी अंदाजाला निरुपयोगी.

नाण्याचा खेळ

आता येतो माझ्या मते वॉकर यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग, आणि नेमका हाच भाग त्यांच्या चरित्रात दोन ओळींत उरकला जातो.

हा प्रयोग वर्गात नक्की करा. चाळीस मुलांना एकेक रुपयाचं नाणं द्या आणि प्रत्येकाला पाच वेळा उडवायला सांगा. ज्याला पाचही वेळा छापा आला त्याने हात वर करायचा. एका मुलाला असं होण्याची शक्यता ३२ मध्ये १. पण मुलं चाळीस आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा एखादा हात वर येतोच. आता मुलांना विचारा, या मुलाच्या हातात जादू आहे का? पुढच्या पाच वेळीही त्याला छापाच येईल का? लगेच करून बघा. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वॉकर यांना हाच धोका दिसला. आपण हजारो जोड्या लावतो आहोत. त्यांपैकी काही जोड्यांचा मेळ निव्वळ योगायोगानेही भारी दिसणार. तो बघून आपण आनंदाने सूत्रात घालणार, आणि पुढच्या वर्षी तो फसणार. म्हणून १९१४ मध्ये त्यांनी यावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की एकच जोडी तपासली आणि मेळ चांगला आला तर त्याला एक किंमत, पण शंभर जोड्या तपासून त्यातली सर्वांत चांगली उचलली तर तिच्यावर विश्वास ठेवायला कितीतरी कडक कसोटी हवी. किती खुणा तपासून टाकून दिल्या हे लपवून फक्त जमलेली खूण दाखवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

विचार करा, शंभर वर्षांपूर्वी हे लिहिलेलं आहे. आणि आज आपण काय बघतो? कुणीतरी 'माझं भाकीत खरं ठरलं' म्हणून व्हिडिओ टाकतो, आणि त्याच माणसाची न जमलेली वीस भाकितं कुणी मोजत नाही. पंचांगातल्या वाहनाचंही तसंच. बेडूक वाहन असताना पाऊस पडला ते वर्ष आठवतं, गाढव असताना पूर आला ते विसरून जातो. मी कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही, पण वहीत लिहून ठेवून पाच वर्षांनी तपासायला काय हरकत आहे?

त्याच काळात लोकांमध्ये दोन समजुती फार पसरलेल्या होत्या. एक, सूर्यावरचे डाग वाढले-कमी झाले की भारतातला पाऊस बदलतो. दोन, जंगलं तोडल्यामुळे भारतातला पाऊस कायमचा कमी होत चालला आहे. दोन्ही ऐकायला पटणाऱ्या गोष्टी. वॉकर यांनी दोन्हींची आकडेवारी तपासली. डागांचा पावसाशी मेळ फार क्षीण निघाला. जंगलतोडीमुळे एकूण पाऊस घटल्याचा पुरावाही तेव्हाच्या नोंदींत त्यांना मिळाला नाही. झाडं तोडू नयेत याची इतर शंभर कारणं आहेत हो, ती मुलांना सांगाच. पण पटणारी गोष्ट आणि मोजून खरी ठरलेली गोष्ट या दोन वेगळ्या, हे वॉकर यांच्या वागण्यातून दिसतं.

एक वेगळा अंदाज

१९१३ च्या फेब्रुवारी महिन्यात वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथल्या पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना आपल्या कचेरीतल्या एका कारकुनाच्या वह्या दाखवल्या. पगार महिना ३० रुपये. नाव श्रीनिवास रामानुजन. कॉलेजात नापास झालेला मुलगा.

वॉकर यांचा विषय उपयोजित गणिताचा, रामानुजन यांचं काम शुद्ध गणितातलं. त्या कामाचा नीट निवाडा करणारे आपण नव्हे, हे वॉकर यांनी मोकळेपणाने सांगितलं. पण जे दिसलं ते केंब्रिजच्या फेलोच्या तोडीचं आहे हे त्यांनी ओळखलं, आणि २६ फेब्रुवारी १९१३ ला मद्रास विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिलं, की या तरुणाला पोटापाण्याची काळजी न करता काही वर्षं गणित करता येईल अशी सोय विद्यापीठाने करावी. मे महिन्यापासून रामानुजन यांना महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. हार्डी यांचं नाव आपण सगळे घेतो, ते योग्यच आहे. पण या पत्राचं श्रेय हवामान खात्याच्या साहेबाचं.

आपण शिक्षक तर रोज मुलांबद्दल अंदाज बांधत असतो. हा पुढे जाईल, हिचं काही खरं नाही. कशावरून? बहुतेक वेळा एका चाचणीवरून, नाहीतर घरच्या परिस्थितीवरून. रामानुजन यांच्या बाबतीत परीक्षेचे निकाल एक सांगत होते आणि वह्या दुसरंच. वॉकर यांनी वह्या उघडून बघितल्या.

शिमल्याचे दिवस तसे मजेचेही होते. ॲनानडेलच्या मैदानावर ते बूमरँग फेकत आणि बघायला गर्दी जमे. डोंगरावर घिरट्या घालणारी गिधाडं-घारी पंख न हलवता वर कशा चढतात याचं निरीक्षण करून त्यावरही त्यांनी लिहिलं. बासरीचा शौक होता, तिच्या रचनेत त्यांनी सुधारणा सुचवल्या.

जगाचा तराजू

वीस वर्षं आकड्यांचा ढीग उपसता उपसता वॉकर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब जास्त असतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूला, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, तो कमी असतो. काही काळाने उलट होतं. जणू एक अवाढव्य तराजू, एक पारडं वर गेलं की दुसरं खाली. पॅसिफिकचं पारडं जड असतं तेव्हा भारतात पाऊस सहसा चांगला होतो. या तराजूला त्यांनी सदर्न ऑसिलेशन, म्हणजे दक्षिणी दोलन, असं नाव दिलं. तसेच आणखी दोन लहान तराजू त्यांना उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकवर सापडले. १९२३-२४ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं.

त्याच सुमारास त्यांनी अंदाजाची पद्धतही बदलली. अख्ख्या भारताचा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही, कारण एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ असं असतंच. म्हणून सारखं वागणारे भाग त्यांनी वेगळे केले : द्वीपकल्प, वायव्य भारत आणि ईशान्य भारत. पहिल्या दोघांसाठी स्वतंत्र सूत्रं केली. ईशान्येसाठी भरवशाची खूण मिळेना, तेव्हा तिथला अंदाज देणं पुढे सोडून देण्यात आलं. आणि फोरकास्ट हा ठाम शब्द बाजूला ठेवून त्यांनी इंग्रजीत फोरशॅडो असा मवाळ शब्द वापरायला सुरुवात केली. पुढे येणाऱ्याची नुसती सावली. ज्या वर्षी खुणा जोरदार असतील त्याच वर्षी ठामपणे बोलावं, नाहीतर गप्प बसावं, असं त्यांचं मत होतं. लोकांना मात्र दरवर्षी उत्तर हवं असतं, तेव्हाही आणि आताही.

१९२४ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ते दहा वर्षं हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. इकडे १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला जे शिमला ऑफिस म्हणून बसचे कंडक्टर पुकारतात, ते नाव इथूनच आलं. पुणेकर मुलांना हे सांगून बघा, त्यांना नवल वाटेल.

यश की अपयश?

वॉकर यांचं निधन ४ नोव्हेंबर १९५८ रोजी झालं, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. त्या वेळच्या हवामानशास्त्रज्ञांचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांच्यावरच्या मृत्युलेखातसुद्धा, या सगळ्या सहसंबंधांतून जगाच्या हवामानाचा सिद्धांत उभा राहील ही त्यांची आशा काही फळली नाही, असा सूर होता. त्यांची सूत्रंही हळूहळू कमजोर पडत गेली होती. ज्या खुणा त्यांच्या काळात चांगल्या चालत होत्या, त्यांपैकी बऱ्याच पुढच्या दशकांत निकामी ठरल्या.

असं का झालं असेल? काही खुणा कडक कसोटी लावूनही योगायोगाच्या असतील. काही खऱ्या होत्या पण निसर्गाचं गणितच बदललं. आणि मुख्य म्हणजे मेळ होता, कारण माहीत नव्हतं. कारण माहीत नसलं की खूण कधी चालेल आणि कधी दगा देईल हे सांगता येत नाही.

ते कारण सापडलं वॉकर गेल्यानंतर अकरा वर्षांनी. १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेस या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने दाखवलं, की पेरूच्या किनाऱ्याजवळचं समुद्राचं पाणी अधूनमधून तापतं, ज्याला तिथले कोळी पिढ्यान् पिढ्या एल निनो म्हणत आले, त्याचा आणि वॉकर यांच्या तराजूचा थेट संबंध आहे. समुद्र तापला की हवेचं चक्र बदलतं, हवेचं चक्र बदललं की समुद्र आणखी तापतो. पॅसिफिकवरच्या पूर्व-पश्चिम हवेच्या त्या चक्राला ब्यर्कनेस यांनी नाव दिलं वॉकर अभिसरण. १८९९ चा दुष्काळही एल निनोच्या वर्षातलाच होता. आज टी.व्ही.वर एल निनो शब्द ऐकू येतो तेव्हा त्यामागे शिमल्याच्या त्या कारकूनांच्या बेरजा आहेत.

आपल्याकडे १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेलं १६ घटकांचं मॉडेल वापरात आलं. वॉकर यांच्या चारांवरून सोळांपर्यंत. दहा-बारा वर्षं ते गाजलं, गोवारीकरांचं नाव घराघरांत गेलं. २००२ मध्ये मात्र अंदाज साधारण पावसाचा होता आणि प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. लगेच २००३ मध्ये खात्याने नवी मॉडेल्स आणली. त्याआधी १९९७ ला तर गंमतच झाली. त्या शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक एल निनो आला, सगळे धास्तावले, आणि देशात पाऊस १०२ टक्के पडला. म्हणजे कारण सापडलं तरी ते एकटंच सगळं ठरवत नाही. हिंदी महासागराचं स्वतःचं म्हणणंही असतं.

वर्गासाठी थोडंसं : पालकांनीही घरी करायला हरकत नाही. प्लॅस्टिकची सरळ बाटली कापून पर्जन्यमापक बनवा. जून लागायच्या आत प्रत्येक मुलाने आपला अंदाज तारखेसह वहीत लिहायचा, सोबत तो कशावरून केला तेही : आजोबांनी सांगितलं, कावळ्याने घरटं कुठे बांधलं, पंचांग, मोबाईल, काहीही. खाडाखोड करायची नाही. दररोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, हवामान खातं त्याच वेळेला मोजतं. सप्टेंबरअखेर बेरीज करून सगळे अंदाज शेजारी लावायचे, चुकलेले सुद्धा. ही वही पुढच्या वर्गाकडे सोपवा. एका वर्षाच्या नोंदीतून काहीच कळणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.